प्रमाणपत्र वर्षाचं, पण बॉयलर हलवला तर?

वर एकांनी लिहिलंय की बॉयलरचं प्रमाणपत्र वर्षभराचं असतं, मग मधे युनिट दुसऱ्या शेडमध्ये हलवलं तरी चालतं. कृपया असं करू नका. 1923 च्या बॉयलर कायद्यापासून नियम स्पष्ट आहे: बॉयलरला अपघात झाला, त्याच्या रचनेत बदल केला किंवा तो हलवला, तर मुदत शिल्लक असली तरी प्रमाणपत्र संपतं (लहान उभ्या बॉयलरला हलवण्यापुरती सूट आहे). 2025 च्या नव्या कायद्यानेही हा गाभा सोडलेला नाही.

हायड्रॉलिक टेस्टला (बॉयलरमध्ये पाणी भरून दाब देऊन करायच्या चाचणीला) वैतागू नका. पाणी जवळपास दाबलं जात नाही, म्हणून कवच फाटलं तरी गळती होते, स्फोट होत नाही. वाफ भरलेला तोच बॉयलर फाटला तर शेड उडते.

आणि कॉम्प्रेसरच्या एअर रिसीव्हरची (दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीची) तपासणी कोणाकडे असं विचारलंत, तर तो बाष्पके संचालनालयाकडे (बॉयलर तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे) येत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत तो कारखाने अधिनियमाच्या कलम 31 खाली येत होता; तपासणी सक्षम व्यक्तीकडून (अशा तपासणीची मान्यता असलेल्या माणसाकडून) करून घ्यायची. बऱ्याच वर्कशॉपमध्ये नेमकी हीच टाकी वर्षानुवर्षं कोणी उघडून पाहत नाही. खालचा ड्रेन कॉक रोज उघडा, साचलेलं पाणी पत्रा आतून खातं.