सल्ला हवा आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लीनर रॅस ठेवावा का?

खारावारा:
नमस्कार. माझ्या घरी साधारण 300 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिच्यात क्लाउनफिशची जोडी आणि एक पावडर ब्लू टँग आहे. अलीकडे टँगच्या अंगावर आणि परांवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसत आहेत आणि तो दगडांवर अंग घासत फिरतो. दुकानदारांनी क्लीनर रॅस, म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा मासा, नेण्यास सुचवले. तो हे ठिपके टिपून खाईल आणि औषधाची गरज पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्याकडे या एकाच नावाने दोन वेगळे दिसणारे मासे आहेत. एक दोन-तीन सेंटिमीटरचा, काळाभोर, पाठीवर झगझगीत निळी रेघ असलेला. दुसरा त्याहून बराच मोठा, फिकट निळसर, अंगावर आडवा काळा पट्टा असलेला. यांपैकी कोणता घ्यावा आणि मुळात घ्यावा का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रवाळवेडी:
माझा सल्ला असा की दोन्हींपैकी एकही आणू नये. हा मासा जगतो कसा हे पाहिले की त्याचे कारण कळते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

दुकानातले ते दोन मासे बहुधा लॅब्रॉइडिस डिमिडिएटस या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. पिल्लू काळे असते आणि त्याच्या पाठीच्या कडेने निळा पट्टा जातो. ते वाढते तसा फिकट रंग पसरत जातो, काळा रंग आक्रसतो आणि शेवटी तोंडापासून डोळ्यावरून शेपटीपर्यंत जाणारा, मागे रुंद होत गेलेला एकच काळा पट्टा उरतो. पूर्ण वाढलेला मासा फार तर 14 सेंटिमीटर भरतो. रंगावरून नर-मादी ओळखता येत नाहीत. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून मध्य पॅसिफिकपर्यंतच्या प्रवाळखडकांवर ही जात आढळते. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमानात ती आहे.

आता खाण्याविषयी. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या अभ्यासात एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी सुमारे 1200 परजीवी खातो असे आढळले, आणि त्यांत मोठा वाटा नॅथिड नावाच्या, रक्त शोषणाऱ्या बारीक कवचधारी जीवांचा होता. तुमच्या टँगला मात्र, वर्णनावरून, क्रिप्टोकॅरियॉन या एकपेशीय परजीवीची लागण झालेली दिसते. तो त्वचेच्या वरच्या थराखाली रुतून बसतो, काही दिवसांनी गळून टाकीच्या तळाशी जातो, तिथे स्वतःभोवती कवच करून विभागत राहतो आणि त्यातून शेकडो नवे जीव बाहेर पडून पुन्हा माशांना चिकटतात. असा रोग कोणताही मासा वरवर टिपून संपवू शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मोकळीक मिळाली तर या माशाला परजीवींपेक्षा दुसऱ्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक आवडतो, हे ग्रटर आणि रेडुआन बशारी यांच्या प्रयोगांतून दिसले आहे. समुद्रात या लबाडीला लगाम असतो. चावा बसताच मोठा मासा अंग झटकतो, त्याचा पाठलाग करतो किंवा सरळ दुसऱ्या क्लीनरकडे निघून जातो, आणि गिऱ्हाईक टिकावे म्हणून क्लीनरला नावडते परजीवी खावे लागतात. तीन माशांच्या टाकीत नॅथिड नाहीत आणि जायला दुसरी जागाही नाही. तिथे तो तुमच्या आजारी टँगचाच थर ओरबाडत राहील, किंवा गोठवलेले खाणे न स्वीकारता उपाशी मरेल. टाकीत आणलेल्या या माशांपैकी अनेकांचे असेच होते, आणि हे मला खरोखर क्लेशदायक वाटते.

निळीखाडी:
प्रवाळवेडी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. लक्षद्वीपमधील कडमत बेटाजवळ डायव्हिंग करताना एका मोठ्या हेकरूची (ग्रुपर माशाची) सफाई जवळून पाहता आली. क्लीनर आधी शेपटीकडचा भाग खाली-वर हलवत त्याच्यासमोर नाचला; मग हेकरूने जबडा आणि कल्ल्यांची झाकणे उघडून धरली, तो तोंडातून आत शिरला आणि कल्ल्याच्या फटीतून बाहेर आला, तरी हेकरू जागचा हलला नाही. काम चालू असताना क्लीनर आपल्या परांनी गिऱ्हाइकाच्या पाठीला सतत हलका स्पर्श करत होता.

त्यांची कुटुंबव्यवस्थाही लक्षात घ्यावी. एक नर आणि काही माद्या असा गट एका परिसरात राहतो. संशोधक रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटावरील निरीक्षणांवरून 1972 मध्ये दाखवले की नर नाहीसा झाला तर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. म्हणजे पकडून नेलेल्या नराची जागा भरते, पण गटातली एक अंडी देणारी मादी त्यात कमी होते. लिझर्ड बेटाजवळ काही खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षे सातत्याने काढून टाकले, तेव्हा तिथे इतर माशांची संख्या आणि विविधता दोन्ही घटली.

शिंपला:
खरेदीच्या दृष्टीने आणखी एक सावधगिरी सांगतो. अ‍ॅस्पिडोंटस टीनिएटस हा ब्लेनी कुळातला मासा हुबेहूब क्लीनर रॅससारखा दिसतो आणि जवळ आलेल्या माशांच्या परांचे लचके तोडतो. ओळखायचे तर तोंड पाहावे: खऱ्या क्लीनरचे तोंड थेट समोर उघडते, नकलीचे नाकाडाच्या खाली असते.

सफाई करणारा जीव हवाच असेल तर निऑन गोबी ही छोटी मासळी सुचवीन. ती कॅरिबियन भागातली असली तरी टाकीत पैदास केलेली मिळते, चार-पाच सेंटिमीटरची असते आणि तयार खाणे सहज घेते. पाठीवर लाल पट्ट्यांमध्ये पांढरी रेघ असलेली क्लीनर कोळंबीही चांगली. पावडर ब्लू टँग सुमारे 23 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे त्याला 300 लिटर पुढे अपुरे पडतील. त्याची सोय आताच पाहावी. सजावटीसाठी जिवंत प्रवाळ कुणी देऊ केले तर घेऊ नये, कारण ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

खारावारा:
सर्वांचे मनापासून आभार. रॅस आणणार नाही. कोळंबी आणून लगेच औषध सुरू केले तर चालेल का?

प्रवाळवेडी:
चालणार नाही, तांब्याच्या औषधाने कोळंबी मरते. आधी तिन्ही मासे वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत हलवा. क्लाउनफिशवर ठिपके दिसत नसले तरी त्यांनाही हलवावे लागेल. तिथे तांब्याचे औषध द्या आणि त्याचे प्रमाण रोज टेस्ट किटने मोजा. मुख्य टाकी दोन-अडीच महिने माशांविना चालू ठेवा, म्हणजे तळातून निघणाऱ्या परजीवींना आसरा मिळणार नाही. त्या काळात मुख्य टाकीत कोळंबी ठेवायला हरकत नाही, मात्र दोन्ही टाक्यांसाठी एकच जाळे किंवा बादली वापरू नका.