परदेशात शिकवणाऱ्या आईने स्वतःच्या मुलाला मराठी वाचायला कसे शिकवावे?

प्रश्न
(शिक्षिका, माहेर फोंडा तालुका, सध्या वास्तव्य मस्कत)

सर्वांना नमस्कार. मस्कतमधील सीबीएसई अभ्यासक्रमाच्या एका भारतीय शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. आम्हाला तिकडे जाऊन चार वर्षे झाली. मुलगा सहा वर्षांचा असून एप्रिलपासून पहिलीत आहे, आणि मुलगी सात महिन्यांची आहे. ती तिथेच जन्मली. परदेशात जन्मलेल्या अपत्याची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. ती नोंद करून आणि पासपोर्ट काढून आता जुलैच्या सुट्टीत तिला पहिल्यांदाच आजी-आजोबांना दाखवायला आणले आहे. हा प्रश्न मी माहेरच्या सोप्यावर बसून, बाहेर पाऊस कोसळत असताना लिहीत आहे.

आमच्या घरची रीत गोव्यातल्या असंख्य घरांसारखीच आहे. आम्ही बोलतो कोंकणी आणि वाचतो मराठी. बाबा सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचल्याशिवाय चहाचा दुसरा कप घेत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी मुलांसाठीचे पान मोठ्या हौसेने नातवापुढे धरले आणि "वाच पाहू" म्हणाले. त्याने थोडा वेळ पानाकडे पाहिले आणि "हें हिंदी?" असे विचारले. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी पानाची नीट घडी घालून ते बाजूला ठेवले.

मी प्रयत्न केलेले नाहीत असे नाही. ओमानमध्ये शुक्रवार आणि शनिवार सुट्टी असते, म्हणून दर शुक्रवारी सकाळी मी त्याला बाराखडीची वही घेऊन बसवते. पहिली दहा मिनिटे बरी जातात, मग "म्हाका नाका" सुरू होते. सुट्टीवर येण्यापूर्वीच्या शुक्रवारी त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि मला म्हणाला, "टीचर, पुरो आतां." तो मला घरात आई म्हणतो. त्या एका शब्दाने मला जेवढे लागले तेवढे दुसऱ्या कशानेही लागले नव्हते.

आमचा दिवस कसा जातो तेही सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. मी साडेचारला उठते. दोघांचे डबे आणि बाळाची तयारी करून, तिला शेजारच्या इमारतीतील एका ओळखीच्या बाईंकडे सोपवून साडेसहाला आम्ही मायलेक शाळेच्या बसमध्ये असतो. ओमानच्या २०२३ च्या कामगार कायद्यानुसार मला ९८ दिवसांची बाळंतपणाची रजा मिळाली. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात, त्या मानाने ही रजा कमीच, त्यामुळे मुलगी साडेतीन महिन्यांची होण्याआधीच मी वर्गात परत उभी राहिले. दुपारी घरी आल्यावर तपासायच्या वह्या असतातच. संध्याकाळी ऊन उतरल्याशिवाय मुलाला बाहेर नेता येत नाही. रविवारी गोव्यात सगळे निवांत असतात, पण तो आमचा आठवड्याचा पहिला दिवस असतो. शिवाय तिकडच्या आणि इकडच्या वेळेत दीड तासाचा फरक आहे, त्यामुळे फोन करायला आम्ही मोकळे होईपर्यंत इकडे जेवणे उरकून झोपायची वेळ झालेली असते.

लिपी आताच शिकवावी की थांबावे, घरी कोंकणीऐवजी मराठी बोलायला लागावे का, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची शिक्षिका असलेल्या बाईने घरी शिक्षिका न होता हे कसे साधावे, हे मला अनुभवी पालकांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद
(शिक्षक, मूळ साखळी, ११ वर्षे शारजा)

ताई, मी वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझी दोन्ही मुले तिकडेच वाढली आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलाने आजोबांना दिलेल्या उत्तरातच आहे. ते पान त्याला हिंदी वाटले, म्हणजे अक्षरे त्याच्या ओळखीची झाली आहेत. शाळेत पहिलीपासून हिंदी असल्यामुळे देवनागरी त्याला मिळतेच आहे, मग घरी बाराखडी पुन्हा पहिल्यापासून गिरवून घेण्याने त्याला एकच काम दोनदा करावे लागते आणि तेही सुट्टीच्या दिवशी. वर्ष संपेपर्यंत तो साधे हिंदी शब्द वाचू लागेल. तोपर्यंत वही बंद ठेवावी असे मला वाटते.

हिंदी वाचणाऱ्या मुलाला मराठीकडे यायला फार थोडे नवीन शिकावे लागते. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. आपल्या छापील मराठीत 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदी पुस्तकांपेक्षा वेगळी असतात, त्यामुळे मुले तिथे अडखळतात. 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात: 'चार' मधला 'च' निराळा आणि 'चाक' मधला निराळा, तसेच माणसाची 'जात' निराळी आणि तो 'जात' आहे हे निराळे. दिल्लीकडच्या मुलाला हे सगळे शिकवावे लागेल, पण कोंकणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात हे सारे उच्चार आधीच बसलेले असतात. तो 'केळें' म्हणतो, 'काळो' म्हणतो, 'चाक' म्हणतो. त्याला फक्त एवढेच दाखवायचे असते की तू जे बोलतोस ते असे लिहितात. माझ्या धाकट्या मुलीला दुसरीत असताना हे पंधरा-वीस दिवसांत जमले. थोरल्याला मी चौथ्या वर्षापासून गिरवायला बसवले होते, आणि तो आजही मराठी पुस्तक हातात घ्यायला तयार नसतो. ही चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

प्रतिसाद
(मूळ मडगाव, सध्या इंग्लंडमधील स्विंडन)

थोडक्यात लिहिते. गोवा मुक्तीपूर्वी जन्मलेल्या वडिलांमुळे आम्हाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्यावर आम्ही इकडे आलो. इथल्या एका प्राथमिक शाळेत मी शिक्षकांची साहाय्यक म्हणून काम करते. आमची मुले कोंकणी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. सुरुवातीला आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही, आणि आता ती सात आणि दहा वर्षांची झाल्यावर त्यांना वळवणे अतिशय कठीण जात आहे. तुमचा मुलगा रागावल्यावरसुद्धा "म्हाका नाका" असे कोंकणीत म्हणतो, हे तुमच्याजवळ असलेले धन आहे. मराठीसाठी म्हणून घरची बोली बदलू नका, अशी कळकळीची विनंती करते.

प्रतिसाद
(निवृत्त शिक्षिका, सरकारी मराठी प्राथमिक शाळा, डिचोली तालुका)

तू वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून 'तू' म्हणते. मी ३१ वर्षे पहिली-दुसरीच्याच वर्गांना शिकवले. माझ्यापुढे येणारी जवळजवळ सगळी मुले घरी कोंकणी बोलणारी होती आणि ती मराठी वाचायला शिकली. माझे वडील पोर्तुगीज अमलात देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, एका गुरुजींकडे मराठी अक्षरे शिकले. पुढे मुक्तीनंतर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा त्याच गावातली शेतकऱ्यांची आणि कुळांची मुले प्रथमच पाटी घेऊन शाळेत बसली. त्यांपैकी कोणाच्याही आईने घरी बोलायची भाषा बदलली नव्हती. तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वरच्या बाईंनी दिले तेच मीही देते.

वाचनाबद्दल मात्र मला थोडे अधिक सांगायचे आहे. आमच्या मुलांच्या कानावर मराठी पडत असे ती भजनातून, कीर्तनातून, देवळातल्या उत्सवी नाटकांतून आणि सर्वांत जास्त चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांतून. घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर म्हटलेली आरती पाच वर्षांच्या मुलालाही तोंडपाठ असते, अर्थ कळो वा न कळो. मी पहिलीच्या वर्गात दरवर्षी चवथीच्या सुट्टीनंतर आरत्यांचे पुस्तक आणत असे. जे पाठ आहे ते म्हणत म्हणत त्या त्या शब्दाखाली बोट सरकवायचे, एवढेच करायचे. पाठ असलेला शब्द आणि डोळ्यांपुढचा शब्द एकच आहे हे मुलाला आपोआप कळते. चार दिवसांनी मध्येच एखादी ओळ गाळून पाहावी, मूल लगेच चूक दाखवते. माझ्या अनुभवात ज्या मुलांना बाराखडी जड गेली तीही या वाटेने वाचू लागली. तुझ्या मुलाला आरत्या येतात का, हे तू लिहिलेले नाहीस. येत नसतील तर आधी त्या कानावर पडू देत.

इथेच तुझी खरी अडचण आहे, हे मला कळते. तुमच्याकडच्या शाळांची मोठी सुट्टी जून-जुलैत असते आणि चवथ येते ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात. इतर नोकरदार रजा काढून चवथीला येऊ शकतात, पण शिक्षकाला वर्ग सोडून येता येत नाही. म्हणजे शिक्षकाच्या मुलाने गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना पाहिलेली नाही, पातोळ्यांसाठी हळदीची पाने आणायला तो कोणाबरोबर गेलेला नाही आणि घुमट घरात वाजताना त्याने ऐकलेले नाही, असे होते. माझा सल्ला असा आहे की दोन-तीन वर्षांतून एकदा तरी उन्हाळ्याचा फेरा टाळून तेच पैसे डिसेंबरच्या प्रवासाला वापरावेत. सुट्टी लहान असते हे खरे आहे, पण त्या दिवसांत इकडे दशावतारी काले, म्हणजे पौराणिक नाटके, आणि जत्रा चालू असतात. रात्री उशिरापर्यंत जागून राक्षसाचे मराठी भाषण ऐकलेले मूल दुसऱ्या दिवशी घरभर तेच बोलत हिंडते.

शुक्रवारचा तास आजपासून बंद कर.

प्रतिसाद
(सध्या पणजी शहर, बालपण दोहा)

मी या चर्चेत पालक म्हणून नव्हे, तर तुमच्या मुलाच्या जागी एकेकाळी असलेली मुलगी म्हणून लिहीत आहे. माझी आई दोह्यातील एका भारतीय शाळेत शिक्षिका होती. मी आठ वर्षांची असताना केप्याला आजोबांना मराठीत एक पानभर पत्र लिहिले आणि टाकण्याआधी आईला दाखवले. तिने ते वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि हातात होती त्याच लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुका सुधारून मला पुन्हा लिहायला सांगितले. तिच्या मनात कौतुकच होते, हे मला आता समजते. त्या वेळी मात्र मी पुन्हा लिहिले नाही, आणि त्यानंतर आजोबांना कधीच पत्र लिहिले नाही. महाविद्यालयासाठी गोव्यात आले तेव्हा आजोबांची दृष्टी अधू झाली होती. त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायला कोणीतरी हवे होते, म्हणून मी अडखळत वाचू लागले. ते चुका काढत नसत, फक्त पुढच्या बातमीची वाट पाहत असत. मी मराठी वाचायला खऱ्या अर्थाने शिकले ती वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आणि अशी.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लहानपणी आईला मी सदैव वह्या तपासताना पाहिले, पण स्वतःसाठी मराठी पुस्तक वाचताना जवळजवळ कधीच पाहिले नाही, कारण तिला तेवढा वेळच मिळत नसे. त्यामुळे मराठी हे शिकण्याचे आणि चुकण्याचे काम आहे, असेच मला वाटत राहिले. सात महिन्यांचे बाळ आणि नोकरी सांभाळणाऱ्या आईला आणखी एक काम सांगायला मला संकोच वाटतो. तरीही बाळाला झोपवताना दहा मिनिटे तुम्हाला आवडणारे काहीतरी मोठ्याने वाचत जा, मुलगा शेजारी असला तर असू दे. त्याला काही विचारू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. लाल पेनाचा प्रसंग मी दोनदा वाचला, कारण माझ्या पर्समध्येही तसेच पेन असते आणि बाराखडीच्या वहीत मी तेच वापरत होते. वही मी कपाटात ठेवून दिली आहे.

बाई, त्याला एकही आरती पूर्ण येत नव्हती. बाबांना मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी देवघरातले आरत्यांचे जुने पुस्तक काढले आणि गेले पाच दिवस दिवेलागणीला ते दोघे एकच आरती म्हणत आहेत. बाबा घुमट वाजवत नाहीत, पण पाटावर ताल धरतात. काल पुस्तकावर बोट सरकवताना तो 'ळ' पाशी थांबला आणि "हें टीचरान शिकयलेंना" म्हणाला. बाबांनी त्याला 'केळें' म्हणायला सांगितले, मग 'काळो', मग 'माटोळी'. माटोळी म्हणजे काय, हे त्याने विचारले, आणि आजोबांनी त्याला माळ्यावर ठेवलेली लाकडी चौकट दाखवायला वर नेले.

आमचे परतीचे विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावरून पुढच्या गुरुवारी आहे. ते पुस्तक बाबांनी आमच्या बॅगेत ठेवायला दिले आहे, आणि त्यानंतर दर गुरुवारी रात्री, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, त्यांनी जेवण झाल्यावर आमच्या फोनसाठी जागे राहायचे ठरवले आहे. डिसेंबरच्या तिकिटांची चौकशी मी आजच केली. आमची सुट्टी महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत असते. बाई, डिचोलीच्या बाजूला त्या दिवसांत कोणत्या गावी काला असतो, ते सवडीने कळवाल का?