पट्टी बदलली की कान अडतो: नाताळच्या गीतांची मांडणी कशी करावी?

प्रश्न
सोलापुरातील आमच्या मंडळीच्या गायकवृंदात मी कीबोर्ड वाजवते आणि यंदा घरोघरी जाऊन गायच्या गीतांची मांडणीही माझ्याकडे आहे. कोणताही स्वर कानावर पडला की तो कोणत्या पट्टीचा, हे मला लहानपणापासून आधाराशिवाय कळते. ‘सायलेंट नाईट’ आमच्या पुस्तकात काळी पाचमध्ये, म्हणजे पाचवी काळी पट्टी षड्ज धरून, आहे. बायकांना वरचे स्वर झेपेनात, म्हणून कीबोर्डच्या ट्रान्सपोज बटणाने आम्ही ते तीन अर्धस्वर (लगतच्या तीन पट्ट्या) खाली घेतले. तेव्हापासून कागदावर आणि बोटाखाली एक स्वर, तर कानाला दुसराच, अशा ओढाताणीत मी सोप्या ओळींतही चुकते. वाद्याशिवाय गाताना तर तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे अर्धा स्वर उतरतात आणि मूळ जागी राहिलेली मी एकटीच बेसूर ठरते. यावर काय करावे?

प्रतिसाद १
बटण बंद ठेवा आणि नवी प्रत स्वतः लिहून काढा. जे ऐकू येणार तेच कागदावर असले, तर आपला बराचसा त्रास तिथेच संपेल. ही चाल पंचमावर सुरू होते, तार मध्यमापर्यंत चढते आणि मध्य षड्जावर येऊन थांबते. म्हणजे पल्ला तब्बल अकरा स्वरांचा आहे, आणि तीन अर्धस्वर खाली आणल्यावर शेवटचा षड्ज मुलांच्या गळ्यातून निघत नाही. एकच अर्धस्वर उतरवून पांढरी सहा घ्या. आल्टोला (बायकांच्या खालच्या आवाजाला) बहुतेक ठिकाणी चालीच्या खालचा, एक सोडून पुढचा स्वर द्या. पुस्तकातील पट्टी सोडल्याची खंत नको: १८१८ साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ग्रुबर यांनी ही चाल दोन आवाज आणि गिटार यांसाठी बांधली, आणि त्यांच्या नंतरच्या हस्तलिखितात ती पांढरी दोनमध्ये आहे.

प्रतिसाद २
माझी जाण सापेक्ष आहे. षड्ज मिळाल्याशिवाय मला काहीच ओळखता येत नाही. तरीही एक विचारतो. ना. वा. टिळकांची भजने आपल्याकडे गायक सोसेल त्या पट्टीत गातात. तिथे आपला कान अडतो का? अडत नसेल, तर ‘जॉय टू द वर्ल्ड’ची पहिली ओळ, जी सां नि ध प म ग रे सा अशी सरळ उतरते, रोज वेगळ्या षड्जावरून सरगमने गाऊन पाहावी. कडव्यांच्या मध्ये फोनवरचा तानपुरा क्षणभर ऐकवला की गायक पुन्हा जागेवर येतात. कडवे सुरू असताना मात्र सगळ्यांबरोबर उतरावे.

प्रतिसाद ३
सापेक्ष जाण आत्ताच घोटून घ्या, ही कळकळीची विनंती. माझाही कान आपल्यासारखाच होता, पण पन्नाशीनंतर मला पांढरी एक ही काळी एक असल्यासारखी ऐकू येऊ लागली. असा कान असलेल्या पुष्कळांना वयानुसार स्वर चढे भासू लागतात. सुरुवातीला मी फार घाबरलो होतो. आता षड्ज धरून गातो आणि निभावते.

प्रश्नकर्ती
भजनांत कान खरोखरच अडत नाही, कारण त्यांचे स्वर मी कधी कागदावर पाहिलेच नाहीत. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पांढरी सहामधील प्रत आज रात्री लिहायला घेते. आल्टोची ओळ उद्या इथे देते, ती कृपया तपासावी.