ऑनलाइन साहित्य मुलांसाठी की शिक्षकांसाठी?

पूर्वभागातल्या_बाई
सोलापूरच्या पूर्व भागात विज्ञान शिकवते. माझं मत स्पष्ट आहे: ऑनलाइन साहित्य मुलांपुढे लावण्याआधी शिक्षकाच्या तयारीसाठी वापरावं. दोन बल्ब एकामागे एक जोडले की पोरं हमखास म्हणतात, ‘पहिला बल्ब करंट खातो, दुसऱ्याला कमी उरतो.’ नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ या पडद्यावरच्या प्रयोगांच्या साइटवर परिपथ जोडता येतो. बल्बच्या आधी आणि नंतर अमीटर लावा, आकडा तोच येतो. हे स्वतः करून पाहिलं की वर्गात नेमका प्रश्न कोणता टाकायचा ते कळतं. मग सेल आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब घेऊन मुलांनाच जोडू द्यायचं. साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची साइटही याचसाठी हवी. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची वॉल्व ट्यूब यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. हे पडद्यावर बघून काय उपयोग? पोरांच्या बोटांना कळायला पाहिजे.

मंगळवेढ्याचा_गुरुजी
नाही पटलं, बाई. तुम्हाला एक विषय आहे. आमची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे दोन इयत्ता आणि सगळे विषय. तिसरीला हातचा शिकवताना चौथीनं काय करायचं? बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड टॅबवर स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा व्हिडिओ लागतो, चौथी कामाला लागते. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. ते मुलांच्या हातात पडावं म्हणूनच होतं की!

अक्कलकोटकर
क्यूआर शाळेत ठीक आहे. घरी फोन एकच, तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. आमच्याकडे घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते ‘स्टोरीवीव्हर’. मुलांच्या गोष्टींची साइट, प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेची, फुकट. एकच गोष्ट कन्नडमध्ये आणि मराठीतही मिळाली की दोन्हीच्या पीडीएफ काढून शेजारी शेजारी ठेवतो. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांसाठी हेच करता येईल. आणि खरा शत्रू वेळ आहे. आज ही लिंक भरा, उद्या त्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. यातून तयारीला संध्याकाळ उरते कुठं?

पूर्वभागातल्या_बाई
तेलुगूचं उद्याच करून बघते, सर. गुरुजी, तुमची अडचण खरी आहे, तरी मी मागे हटत नाही. चौथीचं पोर व्हिडिओ बघून चुकीचं समजलं, तर व्हिडिओला ते कळणार नाही. निदान व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण बघा आणि त्यावरचे दोन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. तिसरीचं आटोपलं की तीच उत्तरं आधी ऐका.

मंगळवेढ्याचा_गुरुजी
फळ्यावरचे प्रश्न मान्य, सोमवारपासून करतो. पण पोरांचं ऐकायला माणूस लागतो. साहित्य ढीगभर आहे, आमच्यासारख्या शाळेला तिसरा शिक्षक द्या, मग आम्हीही टॅब कपाटात ठेवून काड्या-ट्यूब काढू. आणि ते ‘फेट’ नेट नसताना चालतं का?

पूर्वभागातल्या_बाई
चालतं. परिपथाची फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडते. मराठीतलीच निवडा.