खांदा 'बसवला' की 'बसला'?

कडबा: भाषांतरात एका शब्दापाशी अडकलोय. निखळलेला खांदा डॉक्टरांनी 'रिड्यूस केला', म्हणजे परत जागेवर आणला. 'कमी केला' हा तर विनोद होईल. 'पूर्ववत केला' लिहू?

प्लास्टर: कागदी वाटतं. आमच्या वॉर्डात सगळे 'खांदा बसवला' म्हणतात. मात्र निखळणं म्हणजे मोडणं नव्हे, हे नातेवाइकांना दर वेळी सांगावं लागतं. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खांद्याच्या वाटीतून सुटलेला असतो, बहुतेकदा पुढच्या बाजूला. खांद्याची गोलाई जाते, चौकोनी दिसतो. सोबत हाडही मोडलंय का, ते एक्स-रेत कळतं. म्हणून घरी ओढाताण नको.

कडबा: आमच्याकडे 'हात उखळला' म्हणतात.

प्लास्टर: संवादात बिनधास्त लिहा.

वहिवाट: सुश्रुतसंहितेत हा भेद आहेच. हाड मोडलं तर 'कांडभग्न', सांधा सुटला तर 'संधिमुक्त'. खांद्याला उपाय काय, तर काखेत मुसळ घालून वर उचलायचं, जागेवर आला की 'स्वस्तिक' बंध बांधायचा. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालते ती रीत म्हणजे काखेत टाच रोवून हात ओढणं. मुसळ काय नि टाच काय, इथे 'बसवणे' अगदी शोभतं.

प्लास्टर: आणि पुढे ते शोभेनासं होतं! कोखर या स्विस सर्जनने १८७० मध्ये फिरवण्याची पद्धत मांडली. कोपर काटकोनात, हात बाहेरच्या बाजूला वळवायचा, कोपर छातीसमोर आणायचं, मग हात आत वळवायचा. यात जोर केला तर दंडाचं हाड मोडू शकतं. स्टिम्सन पद्धतीत रुग्णाला पालथं झोपवून लोंबत्या हाताला वजन बांधतात आणि वाट बघतात. कनिंगहॅमच्या पद्धतीत तर ओढणं नाहीच. रुग्णाला ताठ बसवून दंडाचे, खांद्याचे स्नायू चोळत राहायचं. आखडलेला स्नायू सैल पडला की गोळा आपणहून आत जातो. एकदा एक आजोबा चहाची तक्रार करता करता मध्येच थांबले. म्हणाले, "अहो, बसला वाटतं." 'खट्' असा आवाजसुद्धा नाही.

वहिवाट: म्हणजे टाचेला 'बसवला', कनिंगहॅमला 'बसू दिला'.

कडबा: आणि कोखरला?

प्लास्टर: 'बसवला'च. तिथे हात डॉक्टरच फिरवतात.

कडबा: झालं तर. 'पूर्ववत' खोडला.