शब्दचर्चा: घाटाच्या टप्प्यात ‘सुटला’ म्हणजे पुढे गेला की मागे राहिला?

रामबाग
सायकल शर्यतींच्या ‘प्रो सायकलिंग मॅनेजर’ या संगणकी गेमच्या आपल्या इंदुरी लीगमध्ये पुढचा टप्पा २०२२ च्या टूर द फ्रान्समधला अकरावा आहे, आल्बेरव्हिल ते कॉल द्यू ग्रानाँ. समालोचन आणि नव्या खेळाडूंसाठीच्या सूचना दोन्ही मराठीत द्यायचं ठरलंय. अडचण शब्दांची. तेलेग्राफ हा वाटेतला एक घाट. ‘कप्तान तेलेग्राफवर सुटला’ हे वाक्य घ्या. वाचणाऱ्यानं काय समजायचं? ‘पेलोटाँ’ (स्वारांचा मुख्य समूह), ‘डोमेस्टिक’ (कप्तानासाठी राबणारा स्वार), ‘ब्रेकअवे’ (पुढे निघून गेलेले स्वार) यांनाही रोजच्या वापरातले शब्द हवेत. कोशातले जड शब्द नकोत.

छत्रीबाग
‘सुटला’ आधी काढून टाका. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘सुटला’ म्हणजे बाणासारखा पुढे गेला. आपल्याकडे मागे हिंदीतलं ‘छूट गया’ उभं असतं. इंदुरात ‘माझी गाडी सुटली’ म्हणणाऱ्याची गाडी बऱ्याचदा चुकलेली असते. तेव्हा पुढे जाणाऱ्याला ‘निसटला’ आणि मागे राहणाऱ्याला ‘तुटला’ म्हणा. दोन्हींत घोटाळा होत नाही.

पण ‘तुटला’ सरसकट वापरू नका. चढावर पुढच्या चाकापासून दहा-पंधरा मीटर अंतर पडलं तर तो ‘मागे सरकला’. त्याला परत आणता येतं. जोराची पट्टी, म्हणजे गेममध्ये स्वाराचा जोर ठरवणारी पट्टी, थोडी वाढवायची आणि चढ सौम्य होईल तिथे जोडून घ्यायचा. नवखे इथेच मुसंडीचं (‘अटॅक’चं) बटण दाबतात. अंतर भरतं, पण मुसंडीचा साठा संपतो आणि दोन किलोमीटरवर गडी खरोखर तुटतो. ‘तुटला’ तेव्हाच लिहायचं, जेव्हा त्याला आणण्यासाठी दुसरा गडी खर्च करावा लागणार असतो.

भेरूघाट
‘निसटला’ छान आहे. ‘ब्रेकअवे’साठी ‘फुटीर गट’ कुणी सुचवण्याआधीच सांगतो, नको. वाचकाला आमदार आठवतील. ‘आघाडी’चीही तीच गत. ‘निसटलेला गट’ किंवा नुसतं ‘पुढचा गट’ पुरे.

‘अटॅक’ला ‘हल्ला’ म्हटलं की कुणी कुणाला मारलं असं वाटतं. ‘मुसंडी’ अगदी नेमका आहे, कारण त्यात अचानकपणा आणि थोडा वेळ या दोन्ही गोष्टी येतात. गेममधली मुसंडीही तशीच असते, एक झटका आणि मग उतरती कळा. निसटल्यावर टिकून राहायचं असेल तर मुसंडी थांबवून जोराच्या पट्टीवर यायचं. हा बदल वेळेवर केला नाही म्हणूनच बहुतेक मुसंड्या वाया जातात.

पेठकर
पुण्याहून एक सूचना. ‘स्टेज’ला सगळे ‘टप्पा’ म्हणतात, पण ‘मजल’ जास्त गोड आहे. मजल दरमजल. एका दिवसाची वाटचाल, आणि फ्रेंच ‘एताप’चा अर्थही हाच.

रामबाग
गोड आहे, पण इंदुरात चालणार नाही. इथे ‘मंज़िल’ म्हणजे पोहोचायचं ठिकाण, आणि ‘अकरावी मजल’ वाचून लोक लिफ्ट शोधतील. टप्पाच बरा. ‘घाटाचा टप्पा’.

छत्रीबाग
‘घाट’वरही थोडं बोलायला हवं. माळव्यात ‘घाट’ म्हटलं की आधी महेश्वर डोळ्यांपुढे येतं, म्हणजे पायऱ्या आणि नर्मदा. खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट नंतर आठवतो. मराठीत रस्त्याचा घाट पक्का आहे, तेव्हा तोच ठेवू. पण ‘कॉल’ म्हणजे घाट नव्हे. कॉल म्हणजे खिंड, दोन डोंगरांमधली खाच. तिथे चढून जाणारा रस्ता तो घाट. म्हणून गालिबिए ही २६४२ मीटरवरची खिंड, आणि व्हालोआरकडून तिच्यापर्यंत जाणारा १७.७ किलोमीटरचा घाट. आल्प द्युएझला मात्र ‘खिंड’ म्हणू नका. त्या २१ वळणांच्या वर एक गाव आहे, शर्यतीचा शेवटही गावातच होतो.

शिखराच्या रेघेला ‘घाटमाथा’. चढाईचे गुण तिथेच मिळतात. सर्वांत अवघड वर्गातल्या घाटमाथ्यावर पहिल्याला २०, पहिल्या वर्गाच्या माथ्यावर १०, दुसऱ्याच्या ५, तिसऱ्याच्या २, चौथ्याच्या १.

पेठकर
मग त्या सर्वांत अवघड वर्गाला काय म्हणायचं? फ्रेंच शब्दशः केलं तर ‘वर्गाबाहेरचा’.

छत्रीबाग
वर्गाबाहेर अंगठे धरून उभा केल्यासारखं वाटतं. ‘गणतीबाहेरचा घाट’ लिहा. १९७९ पासून हा वर्ग आहे, आणि आपल्या टप्प्यात असे दोन आहेत, गालिबिए आणि ग्रानाँ.

भेरूघाट
चढाच्या टक्क्याबद्दल सूचनांमध्ये एक ओळ नक्की टाका. ‘९ टक्के चढ’ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ९ मीटर वर. पण यादीतला आकडा सरासरीचा असतो. गालिबिएची सरासरी ६.९ टक्के दिसते आणि माणूस बेसावध राहतो, प्रत्यक्षात शेवटचे आठेक किलोमीटर त्याहून बरेच उभे आहेत. म्हणून ‘सरासरी चढ’ आणि ‘उभा पट्टा’ असे दोन शब्द लिहा. मुसंडी उभ्या पट्ट्यात मारायची. सौम्य भागात मागचे आडोशाला बसून येतात.

रामबाग
‘आडोसा’! ‘ड्राफ्टिंग’ला, म्हणजे पुढच्याच्या मागे राहून वारा चुकवण्याला, हाच शब्द शोधत होतो. ‘चाक धरणे’पेक्षा हा बरा वाटतो. की दोन्ही लागतील?

भेरूघाट
दोन्ही लागतील, कारण फरक नेमका घाटात पडतो. हिशोब करून पाहा. स्वार आणि सायकल मिळून ६८ किलो धरा. सपाटीवर ताशी ४२ किलोमीटरला एकट्याला हवा कापायलाच साधारण ३०० वॉट लागतात. तिथे आडोसा म्हणजे सोनं. ग्रानाँच्या ९.२ टक्क्यांवर ताशी १८ किलोमीटरला वजन वर न्यायलाच जवळपास ३०० वॉट जातात, आणि हवेला जेमतेम २०. आडोशानं त्यातले पाच-सात वाचले तर वाचले. म्हणून सपाटीवर आणि दरीत ‘आडोसा घे’ असं लिहायचं, उभ्या चढावर ‘चाक धर’. चाक धरणं तिथे मनाच्या आधारासाठी आणि नजर ठेवण्यासाठी असतं.

गेममध्ये यातूनच एक फसगत होते. कप्तानाला ‘जागा राख’ हा हुकूम देऊन लोक निर्धास्त होतात. सपाटीवर तो ठीक चालतो. घाटात मात्र पुढच्यांनी वेग वाढवला की कप्तान जागा राखण्यासाठी त्यांच्यासोबत जोर वाढवत जातो, आणि माथ्यापर्यंत त्याची शिल्लक उरत नाही. घाट सुरू होण्याआधीच त्याला पट्टीवर घ्या, हाती आकडा ठेवा.

पेठकर
आता गेममध्ये स्वारांना जे गुण आकड्यांत दिलेले असतात त्यांच्या नावांकडे या. ‘स्टॅमिना’ आणि ‘रेझिस्टन्स’ दोन्हींना लोक ‘दम’ म्हणतात आणि मग चुकीचा गडी निवडतात.

छत्रीबाग
बरोबर. ‘स्टॅमिना’ म्हणजे पूर्ण दिवस पुरणारी ताकद, त्याला ‘दम’ द्या. ‘रेझिस्टन्स’ म्हणजे जोर जास्त असताना किती वेळ टिकतो, त्याला ‘तग’. ‘रिक्युपरेशन’ म्हणजे रात्रीतून थकवा किती उतरतो, त्याला ‘उभारी’. एका दिवसाच्या शर्यतीत उभारीला फारसं महत्त्व नाही. तीन आठवड्यांच्या टूरमध्ये मात्र डोंगराचा आकडा एकाने कमी पण उभारी चांगली असा कप्तान तिसऱ्या आठवड्यात वर येतो. ग्रानाँसारख्या शेवटच्या घाटावर ‘डोंगर’ आणि ‘तग’ ही जोडी बघायची. ‘टेकडी’चा आकडा बघून गडी पाठवू नका, तो एक-दोन किलोमीटरच्या छोट्या झटक्यांसाठी असतो. ११.३ किलोमीटर चढताना त्याचा उपयोग नाही.

पेठकर
‘तग’ मान्य. ‘दमसास’ म्हणावंसं वाटत होतं, पण तो गवयांना राहू द्या.

रामबाग
आता ‘डोमेस्टिक’. फ्रेंचमध्ये शब्दशः नोकर. ‘घरगडी’ म्हटलं तर अपमान वाटतो.

छत्रीबाग
घर काढा, गडी ठेवा. खो-खो, कबड्डीत गडी म्हणजे संघातला खेळाडू, आणि घरात गडी म्हणजे कामाचा माणूस. इतका चपखल शब्द आयता मिळाल्यावर दुसरा कशाला शोधायचा? टूरमध्ये २०१८ पासून संघ आठांचा आहे. म्हणजे एक कप्तान आणि सात गडी.

भेरूघाट
सातही एकसारखे नसतात. पाणी आणणाऱ्याला ‘पाणक्या’ म्हणा. घाटात वेग लावून कप्तानाला वर नेणारा तो ‘घाटगडी’. पाणक्याचा आकडा डोंगरात ६५ असला तरी चालतं, पण त्याचं काम घाटाच्या पायथ्याआधी संपलं पाहिजे. संघाच्या गाडीपर्यंत मागे जाणं आणि बाटल्या घेऊन परत पुढे येणं यात त्याची बरीच ताकद जाते. सपाटीवर ती परवडते. घाटात पाठवला तर तो परत पुढे येतच नाही आणि बाटल्या त्याच्याकडेच राहतात. आपल्या टप्प्यात शेवटचं पाणी मोरिएनच्या दरीत, तेलेग्राफचा ११.९ किलोमीटरचा घाट लागायच्या आधी.

पेठकर
‘पाणक्या’ हिणकस नाही वाटत?

भेरूघाट
नाही वाटत भिया. इटालियन, फ्रेंच सगळे त्याला पाणी वाहणाराच म्हणतात, आणि मोठमोठ्या कप्तानांनी सुरुवात तिथूनच केली आहे.

रामबाग
‘सॅटेलाइट रायडर’ राहिला. ‘उपग्रह स्वार’ नको.

भेरूघाट
‘पेरलेला गडी’. यावर जरा थांबतो, कारण हा टप्पा कळायचा तर हाच शब्द कळला पाहिजे. सकाळच्या निसटलेल्या गटात आपला एक बळकट गडी बसवून ठेवायचा. तो गट जिंकावा म्हणून नव्हे. मागून कप्तान एकटा निसटून वर आला की हा पुढे तयार असतो, आणि दोन घाटांमधल्या दरीत त्याला आडोसा देतो. १३ जुलै २०२२ ला युम्बो-व्हिस्मा संघानं हेच मांडलं. त्यांचा व्हाउट फान आर्ट सुरुवातीपासून पुढच्या गटात होता. मागे त्याच संघातल्या रोग्लिच आणि व्हिंगेगार्ड यांनी आळीपाळीनं मुसंड्या मारल्या आणि एकूण वेळेत पहिला म्हणून पिवळ्या जर्सीत असलेल्या पोगाचारला दर वेळी स्वतःच उत्तर द्यावं लागलं. गालिबिएवर तो सगळ्यांना पुरून उरला असं दिसत होतं. ग्रानाँवर साधारण पाच किलोमीटर उरले असताना व्हिंगेगार्ड निसटला आणि पोगाचार तुटला. टप्प्यात किन्ताना ५९ सेकंदांनी दुसरा, पोगाचार २ मिनिटं ५१ सेकंदांनी मागे. पिवळी जर्सी गेली.

गेममध्ये हे करायचं तर पेरलेल्या गड्याला पुढच्या गटात जोर लावू देऊ नका. त्याला आडोशाला ठेवा, आळीपाळीत कमीत कमी भाग घ्यायला लावा. तो गालिबिएच्या माथ्यावर दमलेला पोहोचला तर पेरणी फुकट. आणि माथ्यावर तो कप्तानाच्या दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त पुढे नको, नाहीतर थांबून थांबून तो थंडच होतो. मागच्या दोघांच्या मुसंड्याही एकदम नकोत. पहिल्याचं अंतर भरून निघालं की लगेच दुसऱ्याची. दोघे एकदम गेले तर प्रतिस्पर्ध्याला एकच उत्तर पुरतं.

छत्रीबाग
‘आळीपाळी’ योग्य लिहिलंत. ‘रिले’साठी, म्हणजे एकेकानं पुढे येऊन हवा कापण्यासाठी, नुसतं ‘पाळी घे’ लिहू नका, का ते सांगायला नको.

पेठकर
‘पेलोटाँ’ अजून बाकी आहे. घोळका?

छत्रीबाग
घोळका राजवाड्यापुढे उभा असतो, तो कुठे जात नाही. ‘तांडा’ म्हणा. तांड्याला दिशा असते आणि चाल असते. ‘तांडा तुटला’, ‘तांड्यानं पुढच्यांना गिळलं’, सगळं सहज बसतं.

पेठकर
मला ‘जथा’ जास्त आवडतो.

छत्रीबाग
आवडू द्या. घाटात तिसऱ्या किलोमीटरला तो पंधरा जणांचा उरतो, मग त्याला जथाही म्हणवत नाही. तिथे ‘कप्तानांचा गट’ लिहा.

रामबाग
आणि मागचे? वेगवान धावपटू, म्हणजे सपाटीवर जोरात जाणारे स्प्रिंटर, घाटात मागे एकत्र येणारे ‘ग्रुपेत्तो’वाले.

भेरूघाट
‘पिछाडीचा तांडा’. सूचनांमध्ये त्यासोबत ‘मुदत’ हा शब्द हवाच. मुदत म्हणजे शर्यतीत राहायचं तर कधीपर्यंत पोहोचायचं ते. विजेत्याच्या वेळेवर काही टक्के जादा मिळतात, आणि तो टक्का टप्प्याच्या अवघडपणावर आणि विजेत्याच्या वेगावर ठरतो. समजा विजेता ४ तास २० मिनिटांत आला आणि टक्का १५ असला, तर ३९ मिनिटांची मुदत. गंमत अशी की पुढचे जितके जोरात जातील तितका मागच्यांचा गळा आवळला जातो, कारण टक्केवारी कमी वेळेवर लागते. तुमचा कप्तान तेलेग्राफपासूनच मुसंड्या मारणार असेल तर तुमच्याच धावपटूची मुदत तुम्हीच कापता. त्याला एकटा सोडू नका, एक पाणक्या सोबत द्या. दोन घाटांमधल्या दरीत एकट्यानं हवा कापण्यात जी मिनिटं जातात ती कुठल्याच चढावर भरून निघत नाहीत.

रामबाग
यादी अशी लावतो: टप्पा, घाट, खिंड, घाटमाथा, उभा पट्टा, तांडा, निसटणे, तुटणे, मुसंडी, आडोसा, चाक, दम, तग, उभारी, गडी, पाणक्या, पेरलेला गडी, पिछाडी, मुदत. ‘जथा’ कंसात.

पेठकर
कंसात कशाला, काढाच. पण ‘उतरणीचा’ आकडा विसरलात. गालिबिएच्या पलीकडची उतरण लोतारेच्या खिंडीपर्यंत वळणांची आहे, त्यापुढे ब्रियाँसाँकडे रस्ता रुंद आणि वेगवान. ‘उतरण’ कमी असलेला कप्तान माथ्यावर मिळवलेले वीस सेकंद तिथे घालवतो.

भेरूघाट
म्हणूनच त्याच्या पुढे पेरलेला गडी हवा. ‘उतरण’ यादीत टाका, ‘तग’च्या खाली.