सिकलसेल वाहक मुलीस व्यावसायिक वैमानिक होता येईल का? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. शहादा तालुक्यातील माझी भाची भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झाली असून तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची) तपासणी सर्रास होते, आणि तीत तिचा अहवाल ‘एएस’ आला, म्हणजे ती केवळ वाहक आहे. दोष एकाच पालकाकडून आल्यामुळे तिला प्रत्यक्ष आजार नाही, हिमोग्लोबिनही उत्तम आहे आणि सातपुड्यातले चढ ती न थांबता चढते. तरीही जिवाला घोर लागला आहे. कारण प्रवासी विमानाच्या दाबयुक्त कक्षातही हवा सुमारे ८,००० फूट उंचीवरच्याइतकी विरळ असू शकते, आणि प्राणवायू कमी पडणे सिकलसेलमध्ये घातक मानतात.

विद्यार्थी वैमानिकास द्वितीय वर्गाचे आणि व्यावसायिक परवान्यास प्रथम वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. या प्रथम वर्गाच्या तपासणीत वाहक व्यक्तीस पात्र ठरवतात का? एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल व रक्तविकारतज्ज्ञांचे पत्र आधीच सोबत न्यावे का? धुळ्याला किंवा अन्यत्र प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरण्यापूर्वी ही तपासणी उरकून घ्यावी, असे माझे मत आहे. ते योग्य आहे ना?

‘अर्जात हे लिहूच नका’ असा सल्ला एका परिचितांनी दिला, पण तो आम्हाला मुळीच मान्य नाही. स्वतः वाहक असलेल्या वैमानिकांनी किंवा विमानवैद्यक तपासणाऱ्या डॉक्टरांनी कृपया प्रत्यक्ष अनुभव कळवावा.